डोंगरातले लाकूड आणि रस्त्याचे गणित

एस.टी.ने घाट चढताना आपण बहुतेक दरीकडेच बघतो. पुढच्या वेळी जरा दुसऱ्या खिडकीकडे सरका. तिथे डोंगर कापून केलेली मातीची किंवा खडकाची उभी भिंत दिसेल, आणि दरीच्या बाजूला, कठड्याच्या पलीकडे, बऱ्याच ठिकाणी त्याच भिंतीतून निघालेली माती खाली पसरलेली दिसेल. म्हणजे घाटातला रस्ता हा अर्धा डोंगरावर आणि अर्धा डोंगरातून काढलेल्या मातीवर उभा असतो. या साध्या निरीक्षणापाशी आपल्याला नंतर परत यायचे आहे.

घाटरस्त्याला दोन टोके असतात. भोर आणि महाड, सातारा आणि चिपळूण, अशी. ती टोके ठरलेली असल्याने प्रश्न एवढाच उरतो की मधली वाट कशी काढायची. पण एक रस्ता असा आहे की ज्याला पोहोचायला गावच नाही. तो म्हणजे लाकूडतोडीसाठी जंगलात काढलेला रस्ता. त्याला झाडांपर्यंत पोहोचायचे असते, आणि झाडे तर सगळ्या डोंगरभर पसरलेली! मग रस्ता नेमका कुठे न्यायचा? एक काढायचा की चार? एक रस्ता आणि त्याच्या वरचा रस्ता यांत अंतर किती ठेवायचे? वनशास्त्रात या प्रश्नांवर बरेच काम झाले आहे. त्यातले गणित नववी-दहावीच्या मुलांना सहज जमण्यासारखे आहे, आणि ते चुकीच्या जागी वापरले तर काय होते याची चोख नोंद अमेरिकेतल्या एका डोंगरावर झालेली आहे.

आधी हे पाहू की रस्त्याला इतके महत्त्व का. ताज्या तोडलेल्या लाकडाचा एक घनमीटर, म्हणजे एक मीटर लांब, रुंद आणि उंच ठोकळा, साधारण ८०० ते १००० किलो भरतो. झाड तोडायला करवत आणि दोन माणसे पुरतात, पण तोडलेले झाड उतारावर पडून राहिले तर त्याची किंमत शून्य. किंमत मिळते ती डेपोत. मधले अंतर पार करणे हाच या धंद्यातला मोठा खर्च. पूर्वी हे काम नदीकडून करून घेत. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या स्लीपरसाठी लागणारे देवदार हिमालयातून भागीरथीच्या आणि यमुनेच्या पाण्यात सोडून मैदानात आणत. अमेरिकेच्या वायव्येकडच्या ऑरेगन, वॉशिंग्टन या राज्यांतही ओढ्यांवर लाकडी बांध घालून पाणी साठवायचे आणि मग बांध एकदम उघडून ओंडके लोंढ्याबरोबर खाली न्यायचे अशी रीत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर बुलडोझर आणि ट्रक स्वस्त झाले आणि नदीची जागा रस्त्याने घेतली.

सपाट जमिनीवरचे गणित

सुरुवात सोपी करू. जंगल सपाट आहे, झाडे सगळीकडे सारखी आहेत आणि त्यातून समांतर रस्ते काढायचे आहेत असे समजा. दोन रस्त्यांमधले अंतर ‘अ’ मीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे ओंडके ओढून रस्त्यावर आणायचे. सर्वांत जवळचे झाड रस्त्याला लागूनच आहे, सर्वांत दूरचे दोन रस्त्यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे अ/२ वर. तेव्हा सरासरी ओढाई अ/४ मीटर. (ही पायरी मुलांकडून काढून घ्यावी. बरीच मुले घाईने अ/२ म्हणतात.)

रस्ते जवळजवळ काढले तर ओढाई कमी, पण रस्त्यांचा खर्च जास्त. रस्ते दूरदूर काढले तर रस्त्यांचा पैसा वाचतो, पण प्रत्येक ओंडका लांबून ओढावा लागतो. आकडे घालून पाहू. हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून आम्ही घेतलेले आहेत, कुठल्या जंगलाचे नव्हेत. रस्त्याचा खर्च दर मीटरला १००० रुपये. दर हेक्टरी लाकूड १०० घनमीटर. एक घनमीटर लाकूड एक मीटर ओढायला अडीच रुपये. ओंडक्याला साखळी बांधणे, सोडणे यांचा खर्च अंतरावर अवलंबून नसतो, म्हणून तो बाजूला ठेवू.

एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा दर हेक्टरी रस्त्याची लांबी १०,०००/अ मीटर येते. आता दर हेक्टरी खर्च असा :

अंतर २०० मीटर : रस्ता ५०,००० रु., ओढाई १२,५०० रु., एकूण ६२,५०० रु.
अंतर ३०० मीटर : रस्ता ३३,३३३ रु., ओढाई १८,७५० रु., एकूण ५२,०८३ रु.
अंतर ४०० मीटर : रस्ता २५,००० रु., ओढाई २५,००० रु., एकूण ५०,००० रु.
अंतर ५०० मीटर : रस्ता २०,००० रु., ओढाई ३१,२५० रु., एकूण ५१,२५० रु.
अंतर ८०० मीटर : रस्ता १२,५०० रु., ओढाई ५०,००० रु., एकूण ६२,५०० रु.

सर्वांत कमी खर्च ४०० मीटरला येतो, आणि तिथेच दोन्ही खर्च सारखे आहेत. हा योगायोग नाही. कोणत्याही ओळीतल्या दोन खर्चांचा गुणाकार करून पाहा. ५०,००० गुणिले १२,५०० म्हणजे ६२ कोटी ५० लाख. २५,००० गुणिले २५,००० तेवढेच. (३०० मीटरच्या ओळीत रुपयाच्या अपूर्णांकामुळे किंचित फरक पडेल.) एकात ‘अ’ छेदात आहे, दुसऱ्यात अंशात, त्यामुळे गुणाकारातून ‘अ’ निघूनच जातो. ज्या दोन संख्यांचा गुणाकार ठरलेला आहे त्यांची बेरीज त्या समान असताना सर्वांत कमी होते. ठरावीक क्षेत्रफळाच्या आयतांमध्ये चौरसाची परिमिती सर्वांत कमी असते हे मुलांना माहीत असते, हे तेच. कलन न शिकवता इथपर्यंत येता येते.

दोन्ही खर्च समान मांडले की सूत्र मिळते :

अ = २०० × √( र ÷ (घ × ओ) )

इथे ‘र’ म्हणजे रस्त्याचा दर मीटरचा खर्च, ‘घ’ म्हणजे दर हेक्टरी घनमीटर लाकूड आणि ‘ओ’ म्हणजे एक घनमीटर एक मीटर ओढायचा खर्च. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे डोनाल्ड मॅथ्यूज यांनी १९४२ साली लाकूडतोडीच्या खर्चावर जे पुस्तक लिहिले त्यातून ही रीत वनशास्त्रात रूढ झाली. गंमत अशी की हेच सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली अगदी वेगळ्या प्रश्नासाठी मांडले होते. कारखान्यात एका वेळी किती माल बनवावा? वारंवार थोडा थोडा बनवला तर दर वेळच्या तयारीचा खर्च, एकदम भरपूर बनवला तर तो साठवून ठेवण्याचा खर्च. किराणा दुकानदाराला विचारा, तो सूत्र न लिहिता हे गणित रोज सोडवतो.

आता त्याच आकड्यांकडे पुन्हा एकदा बघा, कारण या लेखातला कळीचा मुद्दा तिथे आहे. ४०० ऐवजी ५०० मीटर अंतर ठेवले तर खर्च किती वाढला? पन्नास हजारांवर साडेबाराशे, म्हणजे अडीच टक्के. ३०० मीटर ठेवले तर चार टक्क्यांच्या आसपास. आलेख काढला तर तो दरीसारखा टोकदार येत नाही, परातीसारखा येतो. तळाशी जवळजवळ सपाट. याचा अर्थ, सूत्राने ४०० सांगितले म्हणून रस्ता बरोबर ४०० मीटरवरच हवा असा आग्रह धरण्यात काही अर्थ नाही. शंभर मीटर इकडेतिकडे झाले तरी खिशाला फारसे कळत नाही. डोंगराला मात्र कळते. शंभर मीटर अलीकडे कातळ असेल आणि पलीकडे झरपणारी भुसभुशीत माती. पैशाचे गणित जिथे एवढी मोकळीक देते, तिथे रस्त्याची जागा डोंगराला विचारूनच ठरवायला हवी.

डोंगर काय म्हणतो

डोंगराची पहिली अट चढाची. लाकडाने भरलेला ट्रक चालवायचा तर रस्त्याचा चढ साधारण ८ ते १० टक्क्यांच्या आत ठेवतात. थोड्या अंतरासाठी त्याहून जास्त चालतो. शंभर मीटर आडवे गेल्यावर आठ मीटर चढलो की चढ आठ टक्के. म्हणजे ३०० मीटर उंचीवरच्या जंगलाला जायला पावणेचार किलोमीटर रस्ता हवा, मग ते जंगल डोळ्यांसमोर का असेना. जागा पुरत नसेल तर हेअरपिन वळण घ्यायचे. पण प्रत्येक वळणाला रुंद सपाट जागा लागते आणि तीव्र उतारावर ती खोदून काढणे फार महाग पडते. म्हणून नियोजन करणारा आधी नकाशावर थोड्या जागा पक्क्या करतो. खिंडी, नैसर्गिक सपाट्या, ओढा ओलांडायला बरी जागा, ओंडके रचून ट्रकमध्ये भरायला मोकळवण. या जागांमधून रस्ता न्यायचा असतो. टाळायच्या जागाही तो आधीच खुणा करून ठेवतो. जुन्या दरडी, पाझर, आणि जिथे झाडांचे बुंधे वाकडे वाढलेत असे उतार. झाड वाकडे आहे याचा अर्थ बऱ्याचदा असा असतो की त्याच्या पायाखालची जमीन हळूहळू सरकते आहे आणि झाड पुन्हा पुन्हा सरळ उभे राहायचा प्रयत्न करते आहे.

दुसरी अट खोदकामाची, आणि इथे आपण घाटातल्या त्या भिंतीकडे परत येतो. समजा पाच मीटर रुंदीचा रस्ता पूर्णपणे डोंगरात कोरून काढला आणि वरची भिंत ४५ अंशांत ठेवली. रस्त्याच्या आडव्या छेदात एक त्रिकोण काढावा लागतो. त्याचे क्षेत्रफळ मुलांना काढू द्या. डोंगराचा उतार २० टक्के असेल तर दर मीटर रस्त्यामागे सुमारे ३ घनमीटर माती निघते. ४० टक्क्यांना ८, ६० टक्क्यांना जवळजवळ १९, आणि ८० टक्क्यांना ५०. उतार चौपट झाला तर खोदाई सोळापट! रुंदीचेही तसेच. खोदाई रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे पाचाऐवजी चार मीटरचा रस्ता केला तर रुंदी पाचव्या हिश्शाने कमी होते, पण खोदाई एक तृतीयांशाहून जास्त वाचते. ‘रुंद रस्ता तो चांगला रस्ता’ हा समज डोंगरात फार महागात पडतो.

एवढे खोदायचे आणि ती माती ट्रकने दूर नेऊन टाकायची, हे कुणाला परवडणार? ६० टक्के उतारावर एका किलोमीटरमागे १८,७५० घनमीटर माती निघते. एका टिपरमध्ये साडेसात घनमीटर मावते असे धरले तर अडीच हजार खेपा. म्हणून सोपा मार्ग असा की खोदलेली माती दरीच्या बाजूला ढकलायची आणि तिच्यावरच रस्त्याची उरलेली रुंदी करायची. कापलेले आणि भरलेले सारखे होईल असे बेतले की माती कुठे न्यावीच लागत नाही.

२० टक्के उतारावर हे उत्तम जमते. जवळजवळ निम्मा रस्ता खोदाईत, निम्मा भरावावर. सैल माती साधारण ३४ अंशांत, म्हणजे ६७ टक्के उतारात स्थिरावते. भरावाची कड अर्धा मीटर उंच असते आणि त्याचा पाया मीटरभर अंतरावरच जमिनीला टेकतो. भराव आटोपशीर बसतो.

आता तेच ६० टक्के उतारावर करून पाहा. भरावाचा उतार ६७ टक्के आणि डोंगराचा ६०. दोन रेषा जवळजवळ समांतर! त्या एकमेकींना भेटायला फार दूर जावे लागते. हिशेब केला तर रस्त्याचा फक्त तिसरा हिस्सा, पावणेदोन मीटरांच्या आतच, भरावावर बसतो. कडेला भराव जेमतेम एक मीटर उंच असतो. पण त्याची शेपटी आडव्या मापाने १५ मीटर खालपर्यंत लोंबते. डोंगराच्या अंगावर मातीची एक पातळ, सैल रजई टाकल्यासारखी. उतार ६७ टक्क्यांवर गेला की दोन रेषा भेटतच नाहीत, आणि टाकलेली माती थेट ओढ्यापर्यंत घरंगळते. पण कागदावर बचत मोठी दिसते. पूर्ण कोरण्यासाठी १९ घनमीटर खोदावे लागत होते, इथे आठ-सव्वाआठात काम भागते, आणि माती वाहून नेण्याचा खर्चही नाही. रस्त्याच्या कामाचे पैसे मोजणाऱ्याला हा मोह सुटणे कठीण.

ऑरेगनमधले तीन ओढे

हा मोह कितीला पडतो हे मोजले गेले ते ऑरेगन राज्यात. तिथे कॅस्केड पर्वताच्या पश्चिम उतारावर सुमारे ६४०० हेक्टरांचे एक प्रायोगिक जंगल १९४८ पासून राखलेले आहे. एच. जे. अँड्रूज प्रायोगिक वन हे त्याचे नाव. डग्लस फरचे प्रचंड वृक्ष, तीव्र उतार, वर्षाला २३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. फक्त आपल्यासारखा तो जून-जुलैत पडत नाही, हिवाळ्यात पॅसिफिक महासागरावरून येणाऱ्या वादळांतून पडतो.

या जंगलात शेजारशेजारचे तीन छोटे पाणलोट निवडले होते. पहिला ९६ हेक्टरांचा. त्यातली सगळी झाडे १९६२ ते १९६६ या काळात तोडली, पण आत एकही रस्ता काढला नाही. ओंडके उंचावर ताणलेल्या पोलादी दोरावरून अधांतरी बाहेर आणले. दुसऱ्याला हात लावला नाही, तो तुलनेसाठी. तिसरा १०१ हेक्टरांचा. त्यात १९५९ साली रस्ते काढले आणि काही वर्षांनी तीन तुकड्यांत मिळून फक्त पाव भागातली झाडे तोडली. प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी पाणी आणि गाळ मोजत राहिले.

पुढे वाचण्यापूर्वी वर्गाला विचारा : जास्त गाळ कुठून आला असेल? जिथे सगळे जंगल तोडले तिथून, की जिथे पाऊण जंगल शिल्लक होते तिथून?

संशोधक फ्रेडरिकसन यांनी १९७० साली नऊ वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सगळी झाडे तोडलेल्या, पण रस्ता नसलेल्या पाणलोटातून अस्पर्श पाणलोटाच्या तिप्पट गाळ आला. आणि पाऊण जंगल राखलेल्या, पण रस्ते काढलेल्या पाणलोटातून शंभर पटींहून अधिक. डिसेंबर १९६४ मध्ये त्या भागात मोठी वादळे झाली, महापूर आला आणि रस्त्यावरच्या दरडी सुटल्या. सर्वांत जास्त माती गेली ती रस्ता जिथे तीव्र उताराचे ओढे ओलांडत होता तिथून. त्याच हिवाळ्यात संपूर्ण प्रायोगिक वनात किती दरडी कोसळल्या याची पाहणी डिर्नेस यांनी केली. एकूण ४७. त्यांतल्या ७२ टक्के रस्त्यांशी निगडित होत्या, आणि रस्त्यांखाली जमीन होती एकूण क्षेत्राच्या फक्त १.८ टक्के. ७२ ला १.८ ने भागून पाहा.

रस्ता नसला की सगळे ठीक, असे मात्र नव्हे. पहिल्या पाणलोटात तोडीनंतर उरलेला पालापाचोळा १९६६ मध्ये जाळला आणि पुढे तिथूनही गाळ वाढला. झाड तोडले की काही वर्षांत त्याची मुळे कुजतात, माती धरून ठेवणारी जाळी सुटते, आणि नव्या झाडांची मुळे तेवढी मजबूत व्हायला वेळ लागतो.

रस्ताच एवढा घातक का? कारण तो पाण्याची वाट बदलतो. जंगलात पडलेला पाऊस बहुतांशी जमिनीत मुरतो आणि मातीच्या थरातून सावकाश खाली सरकतो. रस्त्यासाठी डोंगर कापला की हे मुरलेले पाणी कापलेल्या भिंतीतून बाहेर येते आणि कडेच्या गटारात वाहू लागते. रस्त्याच्या दाबलेल्या पृष्ठावर पडलेले पाणीही तिथेच येते. गटारातून ते मोरीकडे जाते. म्हणजे शंभर ठिकाणी पसरून मुरणारे पाणी एका भोकातून सोडले जाते. त्या मोरीत फांद्या, दगड अडकले की पाणी रस्त्यावरून उलटते आणि भरावात शिरते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो, घर्षण कमी होते. मग ती पातळ रजई एकदम सुटते, ओढ्याच्या पात्रात पडते आणि वाटेतले सगळे ओरबाडत खाली जाते. याच परिसरातल्या रस्त्यांची १९९६ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी सांगते की निम्म्याहून अधिक लांबीच्या रस्त्यांचे पाणी सरळ ओढ्या-घळींना जाऊन मिळत होते. नकाशावर जे रस्ते म्हणून दाखवलेले होते ते पावसाळ्यात ओढ्यांचे काम करत होते.

सूत्राकडे परत

मग सूत्र चुकीचे होते का? सूत्र बरोबरच आहे. चुकला होता तो त्यात घातलेला ‘र’. माती दरीत ढकलून केलेल्या रस्त्याचा खर्च स्वस्त दिसत होता, कारण त्यातला मोठा भाग ओढ्यातल्या माशांच्या आणि खालच्या गावांच्या खात्यावर लिहिला जात होता. ऑरेगनमध्ये पुढे तीव्र उतारांवर रस्ता पूर्ण रुंदीत डोंगरात कोरायचा आणि निघालेली माती ट्रकने सपाट, सुरक्षित जागी नेऊन टाकायची ही पद्धत आली. कॅलिफोर्नियात रेडवूड राष्ट्रीय उद्यानाची हद्द १९७८ साली वाढवली तेव्हा त्यात लाकूडतोडीचे जुने रस्ते आले. ते मोडून, मोऱ्या उपसून, डोंगराचा उतार पुन्हा पूर्वीसारखा करण्याचे काम तिथे वर्षानुवर्षे सरकारी पैशाने करावे लागले. हा खर्चही खरे तर ‘र’मध्येच धरायला हवा.

समजा हे सगळे धरून ‘र’ चौपट झाला, १००० चे ४००० रुपये. वर्गमुळामुळे अंतर दुप्पट होते : ८०० मीटर. दर हेक्टरी खर्च एक लाख, म्हणजे तोही दुप्पट. रस्ते निम्मे झाले हे चांगलेच, पण आता मधल्या झाडापासून रस्त्यापर्यंत ४०० मीटर ओंडका ओढायचा, आणि तोही अशा उतारावर जिथे ट्रॅक्टर उभा राहत नाही. इथे दोराची पद्धत कामाला येते. रस्त्यावर एक मनोरा, समोरच्या उतारावर एक भक्कम झाड, मध्ये ताणलेला पोलादी दोर. त्यावरून धावणारी गाडी ओंडका अर्धवट किंवा पूर्ण उचलून आणते. मालवाहू रोपवेच म्हणा ना. आल्प्समध्ये ही पद्धत जुनी आहे आणि आपल्या शेजारच्या भूताननेही ती वापरली आहे. दोराने दर घनमीटरला खर्च जास्त येतो, कुशल माणसे लागतात, पण तो शेकडो मीटर पोहोचतो. शिवाय वर ओढायची सोय असल्याने रस्ता डोंगराच्या माथ्यावरून, धारेवरून नेता येतो. धारेवर उतार कमी, म्हणून खोदाई कमी. वरून पाणी येत नाही, म्हणून मोऱ्या थोड्या. ओलांडायला ओढे जवळजवळ नाहीतच. दरीच्या तळातून जाणारा रस्ता करायला सोपा, पण तो ओढ्याला खेटून जातो आणि त्याचा सगळा गाळ लगेच पाण्यात. सर्वांत वाईट मधल्या उतारावरचा रस्ता : वरून पाणी, खाली भराव, आणि दर थोड्या अंतरावर एक घळ.

सूत्राने दिलेली शंभर-दीडशे मीटरची मोकळीक वापरायची ती याचसाठी. मधल्या उतारावरचा रस्ता उचलून धारेवर किंवा नैसर्गिक सपाटीवर न्यायचा. ४०० ऐवजी ६०० मीटर अंतर झाले तरी एकूण खर्च आठ टक्क्यांनी वाढतो. एक मोठी दरड त्याहून महाग असते. आणि खरा ‘र’ घालून हिशेब केल्यावर असेही उतार निघतात की जिथे कुठल्याच अंतराला लाकडाची किंमत खर्चाला पुरत नाही. अशा उतारांवर रस्ता नको आणि तोडही नको, हे उत्तरही सूत्रातूनच मिळते. आमच्या मते सूत्राचा हा सर्वांत चांगला, आणि सर्वांत कमी केला जाणारा, उपयोग आहे.

आपल्याकडे हिमालयातली व्यापारी तोड बरीच आटली आहे. उत्तर प्रदेशच्या डोंगराळ भागात, म्हणजे आजच्या उत्तराखंडात, एक हजार मीटरच्या वरच्या हिरव्या झाडांच्या तोडीवर १९८१ साली बंदी आली, आणि १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मंजूर कार्ययोजनेशिवाय कुठल्याच जंगलात तोड करता येत नाही. बाजारातले बरेचसे लाकूड आता शेताच्या बांधावरून आणि खाजगी लागवडीतून येते. पण वर मांडलेला त्रिकोण आणि भरावाची शेपटी यांना रस्ता लाकडाचा आहे की पर्यटकांचा, याच्याशी कर्तव्य नसते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला, ती चित्रे अनेकांना आठवत असतील.

वर्गात करून पाहण्यासाठी

एका मोठ्या घमेल्यात किंवा पत्र्याच्या ट्रेमध्ये ओलसर वाळू-माती थापून तीसएक अंशांचा उतार करा. कोन मोजायला कोनमापकाला दोरा आणि दोऱ्याला खडा बांधला की पुरे. उताराच्या डाव्या अर्ध्या भागात पट्टीने रस्ता पूर्ण आत कोरा आणि निघालेली माती बाजूला काढून ठेवा. उजव्या अर्ध्या भागात तेवढ्याच रुंदीचा रस्ता थोडा कोरून, थोडा भराव टाकून करा. मग झारीने वरच्या टोकाला सावकाश पाणी घाला. आम्ही केले तेव्हा उजवीकडचा भराव तिसऱ्या झारीला सुटला. डावीकडे भिंतीची थोडी माती रस्त्यावर पडली, रस्ता राहिला. उजवीकडे एका ठिकाणी शीतपेयाची नळी मोरी म्हणून बसवा आणि तिच्या तोंडाशी गवताची काडी अडकवून बघा.

दुसरे काम नकाशाचे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा आपल्या तालुक्याचा, डोंगर असलेला नकाशा मिळवा. त्यावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. आठ टक्के चढाने २० मीटर चढायला २५० मीटर चालावे लागते, आणि नकाशावर २५० मीटर म्हणजे ५ मिलिमीटर. कर्कटक ५ मिलिमीटर उघडा. एका समोच्च रेषेवर एक टोक ठेवा, दुसरे टोक जिथे वरच्या रेषेला टेकेल तिथे टिंब द्या, आणि असेच वर जा. रेषा पाच मिलिमीटरपेक्षा दूर असतील तर सरळ जाता येईल, जवळ असतील तर तिरके जावे लागेल. कर्कटक अडले की वळण घ्या. टिंबे जोडली की रस्त्याची आखणी तयार. प्रत्यक्षातले आखणी करणारेही नकाशावर पहिला खर्डा असाच करत आले आहेत.

आमच्याकडच्या मुलांनी पायथ्यापासून माथ्यावरच्या सपाटीपर्यंत अशा दोन आखण्या केल्या. एक जवळची, डोंगराच्या पोटातून. दुसरी सोंडेच्या धारेवरून, हातभर लांब. मग प्रत्येक आखणी निळ्या रेषा किती वेळा ओलांडते ते मोजले. पहिली अकरा वेळा, दुसरी दोन वेळा.